अ‍ॅप-टॅक्सी चालकाला किमान कमाईची हमी द्यायची, तर घड्याळ कधी सुरू करायचं?

हिशेबनीस

'उबर-ओलाच्या चालकांना किमान वेतन हवं की नको' यावर 'हवं' आणि 'नको' म्हणणारे दोघेही रकमेवर भांडतात. खरी गोम रकमेत नाही, कुठली मिनिटं मोजायची त्यात आहे. म्हणून हा धागा आकडेमोडीसाठी. भावनेसाठी दुसरे धागे आहेत.

महाराष्ट्रात आज हमी आहे ती वाट्याची. राज्याच्या मे २०२५ च्या अ‍ॅग्रिगेटर धोरणात (म्हणजे उबर-ओलासारख्या अ‍ॅप कंपन्यांसाठीच्या) भाड्याचा किमान ८० टक्के हिस्सा चालकाचा ठरवलाय. मागणी वाढली तर मूळ दराच्या दीडपटीपर्यंत जाता येतं (हाच 'सर्ज'), आणि सवलत २५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. मुंबई महानगर क्षेत्रासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये किमीला २२.७२ रुपये असा तात्पुरता मूळ दर आला. म्हणजे कागदावर दर १७.०४ ते ३४.०८ च्या दरम्यान हलणार.

आता एक दिवस मांडू. खालचे खर्चाचे आकडे गृहीत आहेत, आपापले घालून बघा.

१२ तास ऑनलाइन, एकूण १६० किमी, त्यातले १०० किमी प्रवासी गाडीत.
भाडं: १०० × २२.७२ = २,२७२. चालकाचे ८० टक्के = १,८१८.
सीएनजी: किलोला ८० रुपये, शहरात किलोला २२ किमी धरले तर १६० किमीला ५८२.
ऑइल, टायर, ब्रेक, क्लच: किमीला दीड रुपया, म्हणजे २४०.
हप्ता: ७ लाख कर्ज, १०.५ टक्के, ५ वर्षं. महिना साधारण १५,०४६. महिन्याचे २६ दिवस धरून रोजचे ५७९.
विमा, फिटनेस, पीयूसी, मोबाइल डेटा: रोजचे १५०.

एकूण खर्च १,५५१. हातात २६७. तासाला २२ रुपये.

केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून 'अ' क्षेत्रातल्या (मोठ्या शहरांतल्या) कुशल कामगाराचं किमान वेतन दिवसाला ९५४ होतं. आठ तासांनी भागलं तर तासाला ११९. हा दर या चालकांना लागू नाही, फक्त मोजपट्टी म्हणून घेतलाय.

बोला.

---

बिनसाखर

हिशेबनीसराव, हप्ता खर्चात धरू नका, इथेच कंपन्या तुमचा हिशेब उडवतात. मुद्दल फेडणं म्हणजे मालमत्ता कमावणं. खर्च फक्त व्याज आणि घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत.

साडेसात लाखांची गाडी, आठ वर्षांनी दीड लाखाला गेली असं धरा. या कंपन्यांसाठीच्या केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अ‍ॅपवर गाडी नोंदणीपासून आठ वर्षंच चालते, म्हणून आठ. ६ लाख भागिले ८ = वर्षाला ७५,०००, रोजचे २४०. तुमच्या कर्जाचं एकूण व्याज सुमारे २ लाख ३ हजार. आठ वर्षांवर पसरलं तर रोजचे ८१. दोन्ही मिळून ३२१, तुमच्या ५७९ ऐवजी.

मग खर्च १,२९३ आणि शिल्लक ५२५. तासाला ४४ रुपये. तरीही ११९ च्या निम्म्याहून कमीच. पण वादात ४४ टिकेल, २२ टिकणार नाही.

---

टी_परमिट

बिनसाखर यांचं गणित वर्षाच्या शेवटी बरोबर. पण पाच तारखेला बँक घसारा मागत नाही, हप्ता मागते. पहिली पाच वर्षं गाडीवाला २२ वर जगतो आणि शेवटची तीन वर्षं बऱ्या आकड्यावर. तेवढं टिकला तर. त्या तीन वर्षांत गाडीचं काम निघतं ते वेगळंच. त्यामुळे दोन्ही आकडे ठेवा.

देखभालीचं थोडं खोलात. १६० किमी × २६ × १२ म्हणजे वर्षाला जवळपास ५०,००० किमी. टायर ३५-४० हजारांवर जातात, म्हणजे वर्षाला एकाहून जास्त सेट. मुंबई-ठाण्याच्या गर्दीत क्लच प्लेट ६०-८० हजारांवर येते. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. आणि फिटनेसला गाडी गेली की तो दिवस पाण्यात. किमीला दीड रुपया हा आकडा कमीच आहे, जास्त नाही.

दुसरं, १६० मधले ६० किमी रिकामे कुठे जातात ते बघा. तीन ठिकाणी:

१. पिकअपपर्यंतचं अंतर. अ‍ॅपला दीड किमी दिसतं, पण यू-टर्न पुढच्या सिग्नलला असतो. प्रत्यक्षात अडीच.
२. परतीचं. संध्याकाळी बीकेसीतून डोंबिवलीचं भाडं मिळालं तर ड्रॉपनंतर तिथून मुंबईकडे त्या वेळी कोणी येत नाही.
३. गॅस. टाकीत आठ-नऊ किलो मावतो असं म्हणतात, पण पंपावर प्रेशर कमी असेल तर सहा-साडेसहावर काटा थांबतो. मग दिवसात दोनदा रांग. रांगेतला तास कुठल्याच हिशेबात नाही, ना किमीत ना मिनिटात.

केंद्राच्या तत्त्वांत मूळ भाडं किमान ३ किमीचं धरायला सांगितलंय, ते या रिकाम्या फेरीसाठीच. लांबच्या भाड्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

---

रोजचा_प्रवासी

सगळं मान्य. आता उलट बाजूने सांगा: तासाला ११९ द्यायचे तर माझ्या खिशातून किती?

---

हिशेबनीस

बिनसाखर यांचा खर्च धरतो. १२ × ११९.२५ = १,४३१, अधिक १,२९३, एकूण २,७२४. हे १०० भरलेल्या किमीवर काढायचे तर चालकाला किमीला २७.२४. ८० टक्क्यांचा नियम धरला तर प्रवाशाला ३४.०५. वर पाच टक्के जीएसटी.

गंमत बघा. ३४.०५ म्हणजे आजचा कमाल सर्ज दर ३४.०८. म्हणजे दिवसभर, प्रत्येक भाड्याला कमाल सर्ज लागला तर हा चालक कुशल कामगाराच्या किमान वेतनाला टेकतो. तेही बारा तास काम करून, आठ तासांवरच्या चार तासांना दुप्पट दर न धरता.

---

रोजचा_प्रवासी

मग विषय संपला. २२.७२ चे ३४ केलेत तर अर्धे लोक रिक्षा नाहीतर मेट्रो धरतील. भाडी घटतील, रिकामे किमी वाढतील, आणि पुढच्या वर्षी तुम्ही ४० मागाल. हमी देऊन चालकाचंच नुकसान.

---

हडसनकाठ

हा आक्षेप नवा नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१८ मध्ये हाच घेतला गेला, आणि त्याचं उत्तर तिथल्या सूत्रातच आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण जगात याच्याइतकं उघडं गणित दुसरं सापडत नाही.

तिथल्या टॅक्सी अँड लिमोझिन कमिशनने डिसेंबर २०१८ मध्ये नियम केला, १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू. जेम्स पॅरट आणि मायकेल राइश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासावर तो बेतलेला. चालकाला दर भाड्यामागे किमान मिळायला हवं ते असं:

(मैल × ०.६३१ डॉलर + मिनिटं × ०.२८७ डॉलर) ÷ उपयोग-दर

मैलाचा आकडा गाडीच्या खर्चाचा, मिनिटाचा आकडा मजुरीचा. उपयोग-दर म्हणजे अ‍ॅप चालू असलेल्या वेळातला किती वेळ प्रवासी गाडीत होता. सुरुवातीला ५८ टक्के धरला. साडेसात मैल, ३० मिनिटांचं भाडं घ्या: (४.७३ + ८.६१) ÷ ०.५८ = २३ डॉलर. भागाकार नसता तर १३.३४. वरचे साडेनऊ डॉलर हे रिकाम्या वेळाचे पैसे, आणि ते त्याच भाड्यातून वसूल होतात. खर्च वजा जाता तासाला १७.२२ डॉलर हाती यावेत असा बेत होता. शहरातलं किमान वेतन तेव्हा १५. वरचे सव्वादोन डॉलर मालक एरवी भरतो ते कर आणि भरपगारी रजेपोटी.

आता रोजचा_प्रवासी यांचा मुद्दा. भाजकात उपयोग-दर ठेवला की तो वाढवणं हे कंपनीच्या फायद्याचं होतं. रस्त्यावर गाड्यांची गर्दी ठेवून ग्राहकाला 'दोन मिनिटांत गाडी' दाखवायची चैन तिला महाग पडते. एरवी ती चैन फुकट असते, कारण थांबण्याचा खर्च चालकाचा. शिवाय शहराने ऑगस्ट २०१८ मध्येच नवे परवाने गोठवले होते. सूट होती ती व्हीलचेअर जाऊ शकणाऱ्या गाड्यांना. परवाने उघडे ठेवून हमी दिली असती तर हमीच्या ओढीने आणखी गाड्या आल्या असत्या आणि उपयोग-दर कोसळला असता.

बिघडलं काय तेही सांगतो. कंपन्यांनी उपयोग-दर वाढवायला भाडी वाढवली नाहीत, चालकांना बाहेर ठेवलं. लिफ्टने २०१९ च्या जूनमध्ये, उबरने सप्टेंबरमध्ये, मागणी कमी असेल तेव्हा लॉगिनच बंद करायला सुरुवात केली. २०२४ मध्ये पुन्हा तेच. चालक गाडीत बसलेला, रस्त्यावर, पण अ‍ॅपच्या लेखी गैरहजर. त्याचा तो तास हिशेबात येतच नाही, त्यामुळे उपयोग-दर कागदावर चांगला दिसतो. हमीच्या कुठल्याही नियमात लॉगिन नाकारण्यावर मर्यादा पहिल्या दिवसापासून हवी. ती नसेल तर बाकीचं सूत्र कितीही सुबक असो, गळतं.

---

लंडनकर

लॉगिनवरून इकडचं. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने १९ फेब्रुवारी २०२१ ला उबर विरुद्ध अस्लम खटल्यात निकाल दिला: चालक हे 'वर्कर' (म्हणजे किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क असलेले), आणि अ‍ॅप चालू आहे, परवान्याच्या हद्दीत आहे, भाडं घ्यायला तयार आहे, तो सगळा वेळ कामाचा. मार्चमध्ये उबरने किमान वेतन मान्य केलं, पण घड्याळ सुरू केलं भाडं स्वीकारल्यापासून. कोर्टाने सांगितलेला थांबण्याचा वेळ त्यात नाही.

फरक केवढा? तासातली ४० मिनिटं भाड्यात गेली तर एप्रिल २०२१ च्या ८.९१ पौंड दराने हमी ५.९४ ची. उरलेली वीस मिनिटं चालकाची.

सुट्टीचा पगार मात्र आला, कमाईच्या १२.०७ टक्के. हा आकडा विचित्र वाटतो, पण सरळ आहे: ५.६ आठवडे रजा भागिले कामाचे ४६.४ आठवडे. पेन्शनही आली. थांबण्याच्या वेळाचं भांडण तेवढं राहिलं.

कंपनीचा युक्तिवाद असा की चालक एकाच वेळी तीन अ‍ॅप लावून बसतो, मग त्या वीस मिनिटांचे पैसे कोणी द्यायचे? प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कच्या पद्धतीत तो उद्भवत नाही, कारण थांबण्याचे पैसे भाड्यागणिक वाटले जातात. ज्या कंपनीचं भाडं, तिने भरायचे.

---

सॅनहोजेवाला

कॅलिफोर्नियाचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२० चा प्रपोझिशन २२, म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने केलेला कायदा. भाड्यात गुंतलेल्या वेळाला स्थानिक किमान वेतनाच्या १२० टक्के, अधिक गुंतलेल्या मैलाला ३० सेंट, पुढे महागाईप्रमाणे वाढ. जास्तीत जास्त १४ दिवसांच्या मुदतीवर बेरीज करून कमी पडेल तेवढी भर कंपनी घालते. टिप त्यात धरत नाहीत. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये हे कायम केलं.

१२० टक्के ऐकायला भारी वाटतं. तासाला १६.५० डॉलरवर ते १९.८०. पण गुंतलेली मिनिटं ४० असली तर १३.२०, म्हणजे किमान वेतनाच्याही खाली. आणि मैलाला ३० सेंट, जेव्हा अमेरिकेचं करखातं २०२१ मध्ये गाडीचा खर्च मैलाला ५६ सेंट धरत होतं. रिकाम्या मैलाला शून्य. भर महिनोन्महिने कोणाला मिळतच नाही असंही होतं, कारण १४ दिवसांच्या बेरजेत शनिवारची रात्र मंगळवारची दुपार झाकून टाकते.

महाराष्ट्राने नक्कल करायची तर याची नको.

---

कलम६७

कायद्याची बाजू, कारण वर किमान वेतनाची मोजपट्टी बघून 'मग किमान वेतन कायदाच लावा' असं कोणालाही वाटेल.

वेतन संहिता २०१९ चं किमान वेतन कर्मचाऱ्याला. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने गिग कामगाराची व्याख्याच 'पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा' अशी केली. दोन्ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या. दुसऱ्या संहितेत कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे आहेत, आणि ते कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त होऊ नयेत अशी मर्यादा. त्यातून विमा, आरोग्य, म्हातारपणाची सोय. कमाईची हमी त्यात नाही. राजस्थानचा २०२३ चा कायदा आणि कर्नाटकचा २०२५ चा, दोन्ही निधी-नोंदणी-तक्रार याच चौकटीत.

पण टॅक्सी ही डिलिव्हरीसारखी नाही. टॅक्सीचं भाडं ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ ने राज्याला आधीपासून आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅग्रिगेटरला कलम ९३ खाली परवाना लागतो. चालक नोकर की भागीदार या वादात न पडता 'दर भाड्यामागे चालकाला किमान इतके' ही परवान्याची अट घालता येते. न्यूयॉर्कनेही नेमकं हेच केलं. तिथेही चालक कंत्राटदारच राहिले.

आणि आपल्याकडे याचा पायाही आहे. रिक्षा-टॅक्सीचं मीटर २०१२ मध्ये हकीम समितीच्या सूत्राने ठरायचं, नंतर खटुआ समितीच्या. त्या समितीचा अहवाल २०१७ चा, राज्याने तो २०२० मध्ये स्वीकारला. गाडीची किंमत, इंधन, विमा, कर, देखभाल यांच्याबरोबर चालकाचा राहणीमानाचा खर्च सूत्रात येतो. म्हणजे काळ्या-पिवळ्याच्या मीटरमध्ये मजुरी गेली कित्येक वर्षं बसलेलीच आहे. अ‍ॅपवाल्याला ती दिली तर आभाळ कोसळेल, हे मला पटत नाही.

---

टी_परमिट

+१. आणि मीटरशी तुलना करूनच बघा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळी-पिवळी: पहिल्या दीड किमीला ३१, पुढे किमीला २०.६६. आठ किमीचे १६५, सगळे चालकाचे, शिवाय सिग्नलवर मीटर वेटिंग मोजतं. अ‍ॅपवर आठ किमीचे १८२, त्यातले चालकाला १४५, एसी लावून. दर जास्त, हातात कमी. २०२५ च्या जुलैत, हा दर यायच्या आधी, संप झाला तोही हातात कमी येतं यावरूनच, आणि 'मीटरप्रमाणे द्या' ही मागणीही यातूनच आली.

---

हिशेबनीस

हडसनकाठ यांचं सूत्र मुंबईला लावून बघितलं.

किमीमागे खर्च: सीएनजी ३.६४ + देखभाल १.५० = ५.१४.
मिनिटामागे: मजुरी तासाला ११९.२५, अधिक घसारा-व्याज-विमा वगैरे ४७१ भागिले १२ = ३९.२५. बेरीज १५८.५०, भागिले ६० = २.६४.

आठ किमी, ४० मिनिटांचं भाडं: ८ × ५.१४ = ४१.१२, ४० × २.६४ = १०५.६०. बेरीज १४६.७२.

आजच्या दराने चालकाला मिळतात १४५.४०. म्हणजे सव्वा रुपयाचा फरक! आजचा दर भरलेल्या मिनिटांचा मोबदला जवळजवळ चोख देतो. रिकाम्या मिनिटांचा देतो शून्य.

उपयोग-दर ६० टक्के धरला तर १४६.७२ ÷ ०.६० = २४४.५०. ८० टक्के धरला तर १८३.४०. रोजचा_प्रवासी, तुमच्या आक्षेपाचं उत्तर या दोन आकड्यांच्या मधल्या ६१ रुपयांत आहे. ते भाडेवाढीतून काढायचे की गाड्या कमी फिरवून, हा धोरणाचा प्रश्न. पण आज ते चालकाच्या खिशातून निघतात.

अवांतर: २२.७२ हा दर फक्त किमीचा. हेच आठ किमी रात्री ११ ला १८ मिनिटांत होतात, तेव्हा सूत्राप्रमाणे (४१.१२ + ४७.५२) ÷ ०.६० = १४८. म्हणजे रात्री आजचा दर जवळजवळ पुरतो, संध्याकाळी सातला नाही. मिनिटांचा हिशेब न करता सरसकट किमीचा दर वाढवला तर रात्रीच्या प्रवाशाला उगाच भुर्दंड.

---

रोजचा_प्रवासी

हे जरा पटण्यासारखं. पण गाड्या कमी करणार कशा? परवाने गोठवायचे?

---

कलम६७

इथे न्यूयॉर्कची वाट जरा बंद आहे. अ‍ॅपवरच्या बऱ्याच गाड्या अखिल भारतीय पर्यटक परवान्यावर, आणि तो केंद्राच्या नियमांनी मिळतो. राज्याने गोठवायचा म्हटलं तरी गोठत नाही. राज्याच्या हातात आहे ते अ‍ॅग्रिगेटरच्या परवान्याखाली एका शहरात किती गाड्या जोडायच्या याची अट. तीही गाडीसंख्येवर घालण्यापेक्षा 'सरासरी उपयोग-दर अमुकच्या खाली गेला तर नवी नोंदणी थांबवा' अशी घातली तर निभावेल. लॉगिन नाकारून तो दर फुगवता येऊ नये म्हणून जोडीला दुसरी अट: नोंदलेल्या चालकाचं लॉगिन नाकारायचं असेल तर आगाऊ सूचना, आणि एकदा लॉगिन दिलं की ठरलेल्या तासांत बाहेर काढता येणार नाही.

---

भाडोत्री_गाडी

सगळेजण गाडी चालकाची आहे असं धरून चाललेत. किती जण दुसऱ्याची गाडी रोजाच्या भाड्याने चालवतात! मालकाला सकाळी ठरलेली रक्कम, गॅस चालकाचा, उरलं ते त्याचं. केंद्राच्या २०२५ च्या तत्त्वांत स्वतःची गाडी असेल तर चालकाला किमान ८० टक्के, अ‍ॅग्रिगेटरची असेल तर किमान ६० टक्के. मधला, म्हणजे तिसऱ्याच मालकाच्या गाडीवरचा, कुठे बसतो? ८० टक्के आयडीच्या खात्यात जातात, आणि खातं मालकाचं.

हमी वाढली की मालक रोजचं भाडं वाढवणार. दर भाड्यामागे शंभर रुपये जास्त मिळाले, तर त्यातले ऐंशी संध्याकाळपर्यंत मालकाकडे. हमीची रक्कम दोन तुकड्यांत दाखवायला हवी: किमीचा तुकडा गाडीचा, मिनिटाचा तुकडा चालकाचा. हिशेबनीस यांच्या उदाहरणात मिनिटाच्या २.६४ मधले १.९९ शुद्ध मजुरी. तेवढे थेट बॅजधारकाच्या, म्हणजे टॅक्सी चालवायचा बॅज ज्याच्या नावावर आहे त्या चालकाच्या, बँक खात्यात, मालकाच्या नाही. बॅज नंबर अ‍ॅपकडे असतोच.

दुसरी गळती म्हणजे सबस्क्रिप्शन. 'शून्य कमिशन' म्हणून रोजची फी घ्यायची आणि भाडं प्रवाशाने थेट चालकाला द्यायचं. उबरने फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षासाठी हेच केलं, रॅपिडो आणि ओलाही त्याच वाटेवर आहेत. मग ८० टक्के कशाचे? कंपनी म्हणते, आम्ही फक्त सॉफ्टवेअर विकतो. चांगल्या दिवशी हे चालकाला परवडतं, मान्य. पण पावसात गाडी उभी राहिली त्या दिवशीही फी जाते, आणि किमान कमाईची जबाबदारी घेणारा कोणी उरत नाही. त्यामुळे नियम 'भाड्याचा हिस्सा' या शब्दांत लिहिला तर पहिल्याच दिवशी निसटेल. 'फी वजा जाता चालकाच्या हाती' असं लिहावं लागेल.

---

बिनसाखर

भाडोत्री_गाडी यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. पण 'घरी सोफ्यावर ऑनलाइन' असणाऱ्याचं काय? हमीचे पैसे त्यालाही?

---

हडसनकाठ

भाड्यागणिक सूत्रात नाही. भाडं घेतलंच नाही तर पैसे शून्य. तो सोफ्यावर बसल्याने सरासरी उपयोग-दर मात्र घसरतो आणि इतरांचा दर फुगतो. उपाय किरकोळ आहेत: गाडी ठराविक वेळ हललेली नाही आणि आलेली लागोपाठ तीन भाडी नाकारली, तर तेवढा वेळ सरासरीतून वगळायचा. विमानतळाच्या पार्किंगमधली रांग मात्र वगळायची नाही, तिथे थांबणं हेच काम आहे. टी_परमिट यांची सीएनजीची रांगही माझ्या मते मोजावी. पंपावरचं लोकेशन आणि बिल, दोन्ही जुळवता येतं.

तासाची हमी दिली तर मात्र हा प्रश्न डोक्यावर बसतो. मग कंपनी भाडी स्वीकारण्याच्या टक्केवारीची अट घालते, आणि चालकाला डोंबिवलीचं भाडं नाकारता येत नाही.

---

लंडनकर

आकडे कोण तपासणार हा शेवटचा प्रश्न. न्यूयॉर्कचं कमिशन २०१९ पासून अ‍ॅप-टॅक्सीच्या प्रत्येक भाड्याची नोंद महिनावार जाहीर करतं: मागणीची वेळ, पिकअप, ड्रॉप, मैल, सेकंद, प्रवाशाचं मूळ भाडं, टोल, टिप, आणि चालकाला किती दिले. प्रवाशाचं मूळ भाडं आणि चालकाला दिलेले पैसे हे दोन रकाने शेजारी ठेवले की कंपनीने किती ठेवले ते कोणालाही दिसतं.

महाराष्ट्राच्या परवान्यात एवढा एक तक्ता सक्तीचा केला, तरी निम्मं भांडण मिटेल.

---

टी_परमिट

तो तक्ता येईल तेव्हा येईल. तोवर चालकांना स्वतःचा उपयोग-दर काढता येतो. महिनाभर वहीत रोज सहा आकडे: सकाळचा आणि रात्रीचा किमी काटा, पहिल्या लॉगिनची आणि शेवटच्या लॉगआउटची वेळ, भरलेला गॅस किलोत (रुपयांत नको, भाव बदलतो), आणि रांगेतली मिनिटं. भरलेले किमी आणि मिनिटं अ‍ॅपच्या ट्रिप हिस्टरीतून आठवड्याला एकदा उतरवायची. दोन-तीन अ‍ॅप असतील तर सगळ्यांची बेरीज; नाहीतर एका अ‍ॅपचं भाडं दुसऱ्याच्या हिशेबात रिकामा वेळ दिसतं. ऑफलाइन जेवणाचा वेळ वजा करायचा, लॉगिन नाकारलेला वेळ वजा करायचा नाही, त्याचा वेगळा रकाना. आरटीओत निवेदन द्यायचं तर पन्नास जणांच्या अशा वह्या पुरेत. तोंडी 'परवडत नाही' याला कोणी विचारत नाही.

---

भाडोत्री_गाडी

त्यात आणखी एक रकाना घाला, मालकाला दिलेलं रोजचं भाडं. बहुतेक ठिकाणी त्याची पावती नसते, म्हणून यूपीआयनेच द्यायचं.

---

रोजचा_प्रवासी

हिशेबनीस, सूत्रात टोल कुठे धरलाय? मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफी आहे, पण सी-लिंक आणि अटल सेतू आहेतच.

---

हिशेबनीस

टोल भागाकाराच्या बाहेर. जसाच्या तसा प्रवाशाकडून चालकाला, त्यावर कंपनीचा हिस्सा नाही. रिकाम्या परतीचा टोल मात्र कोणीच देत नाही. अटल सेतूवरून नवी मुंबईकडच्या उलव्याला सोडून परत येताना भाडं मिळालं नाही तर तो चालकाच्याच माथी. न्यूयॉर्कने शहराबाहेर संपणाऱ्या भाड्यांना वेगळा, चढा दर ठेवला होता. आपल्याकडे तसा ठेवायचा तर हद्द कुठे आखायची, यावर पुढचा प्रतिसाद कोणीतरी लिहा. माझ्या मते दहिसर, मुलुंड, वाशी हे जुने नाकेच धरावेत, आणि खाडीपलीकडे वेगळी रेघ.